शेठ, जत्रा आणि गोडाऊन

"हे टोमॅटो नाहीत, रंगवलेले चेंडू आहेत," हेमचंद्र भर दुकानात म्हणाले आणि हातातला टोमॅटो पुन्हा ढिगावर ठेवून दिला. "चल, जत्रेत जाऊ."

ज्ञानदानं पर्समधली गाडीची किल्ली चाचपली. जत्रा रिंग रोडच्या पलीकडे होती.

"बाबा, इथलेच घेऊ या ना. दिसायला तर छान आहेत."

"दिसायचेच पैसे घेतो हा. म्हणून तर शेठ."

सासऱ्यांनी रियाधमधल्या तीन सुपरमार्केटांना आपल्या मनानंच नावं पाडली होती. काचेचं, फुलांच्या वासाचं, दुधाच्या बाटलीवरही दागिन्यासारखा दिवा सोडणारं ते शेठ. पोराबाळांनी, ट्रॉल्यांनी आणि ऑफरच्या आरोळ्यांनी गजबजलेलं ते जत्रा. शहराच्या टोकाला, मुलानं एका सुटीत दाखवलेलं, खोक्यांतूनच माल विकणारं ते गोडाऊन. तिथे 'या' म्हणायला कुत्रं नसायचं, पण भाव सरळ. हेमचंद्रांनी आयुष्य वजनमापं खात्यात निरीक्षक म्हणून काढलेलं. चिपळूणच्या बाजारात ते दिसले की व्यापारी तराजू पुसायला लागायचे.

त्यांना या तुलनेच्या नादाला मात्र ज्ञानदानंच लावलं होतं, मुद्दाम.

रियाधला येऊन आठवडा होतो न होतो तोच त्यांनी जेवताना सांगितलं, चिपळूणहून फोन होता. निघताना रक्त तपासायला दिलं होतं, शुगर वाढलेली निघाली. डॉक्टर म्हणतो गोळ्या नकोत, आधी चाला. उन्मेष, त्यांचा मुलगा, ओलाया भागातल्या बँकेत रात्रीपर्यंत अडकलेला. त्यानं वरणभात कालवता कालवता निकाल लावला. व्हिसा संपेपर्यंत शुगर उतरली नाही, तर चिपळूणला एकटं राहणं बंद. पुण्यात एक 'सीनियर लिव्हिंग' त्यानं बघून ठेवलंय. वृद्धाश्रमाला इंग्रजी नाव दिलं की पोरांना लाज वाटत नाही.

ज्ञानदाला वाटली.

पण चालायचं कुठे? बाहेर तवा तापलेला. इथले लोक मॉलमध्ये चालतात. हेमचंद्र म्हणाले, "गारव्यात येरझाऱ्या घालायला मी काय रिकामटेकडा आहे?" मग तिनं त्यांना काम दिलं. "बाबा, या दुकानांवर माझा काडीचा विश्वास नाही. तुम्ही तपासून सांगा, खरा कोण." म्हातारा फुलला. दही एका टोकाला, कोथिंबीर दुसऱ्या टोकाला. ती एकेक वस्तू विसरल्यासारखं करायची आणि ते हौसेनं चालायचे.

अडचण एकच. न्यायचं कोणी? टॅक्सीत त्यांना मळमळायचं. ज्ञानदासाठी घेतलेली गाडी खाली धूळ खात उभी होती. लायसन मिळालं त्याच आठवड्यात ती उन्मेषची गाडी घेऊन निघाली, तेव्हा एका जीपनं मागून दिवे मारत, हॉर्न देत तिला पार कडेला रेटलं होतं. त्यानंतर किराणा ॲपवरून येऊ लागला. पडदे दिवसासुद्धा ओढलेले. आणि तिच्या गाडीची किल्ली दारामागच्या हुकावर, शोरूमच्या प्लास्टिकच्या पिशवीतच.

बाबांच्या शुगरसाठी तिनं ती पिशवी दातांनी फाडली.

पहिल्या दिवशी कोपऱ्यावरच्या शेठकडे पोचेपर्यंत तिचा ड्रेस घामानं पाठीला चिकटला. हेमचंद्र शेजारी चक्क घोरत होते.

आजही जत्रेपर्यंत त्यांनी डोळे मिटलेलेच ठेवले. भाजीच्या काट्यामागून जमालुद्दीननं त्यांना पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"आ गए चाचा! निकालो अपना बाट."

हेमचंद्रांनी खिशातून चिपळूणहून आणलेलं पितळी वजन काढून काट्यावर ठेवलं.

"चाचा, परसों ही तो रखा था."

"परसों मशीन सच बोली. आज का क्या भरोसा?" आकडा बरोबर आला, तसं त्यांनी जमालुद्दीनच्या पाठीवर थोपटलं आणि परत येताना नमुन्याच्या ताटलीतला खजूर तोंडात टाकला.

"बाबा! शुगर!"

"नमुना आहे गं. नमुन्याला कसली शुगर?" मग निकाल झाला. "टोमॅटो इथले. पाव शेठचा, चोर आहे पण भाजतो चांगला. कोथिंबीर मात्र गोडाऊनची."

"गोडाऊन नको. किंग फहद रोडनं जावं लागतं."

"मग? रस्ताच आहे ना? नदी तर नाही."

ती चरफडत निघाली. मोठ्या रस्त्याला लागते तोच आरशात दिवे फडफडले. पांढरी जीप, अगदी पाठीला. ज्ञानदानं स्टिअरिंग घट्ट धरलं. लेन सोडली नाही.

"थांब की मेल्या!" ती ओरडली. "तुझ्या बापाचा रस्ता आहे का?"

जीप मुकाट बाजूनं गेली. ज्ञानदाला हसू फुटलं ते आवरेचना. हेमचंद्रांनी एक डोळा उघडला आणि पुन्हा मिटला.

त्यानंतर कोथिंबीर गोडाऊनचीच येऊ लागली. घरी ऊन आलं, पडदे धुतले गेले. "यल्ला बाबा, आटपा!" असं आता तीच दारातून ओरडायची.

व्हिसा संपत आला तशी ती त्यांना दवाखान्यात घेऊन गेली. रक्त तपासायला दिलं. दुसऱ्या दिवशी दोघं डॉक्टर अरीबसमोर बसली. पुण्याचं ते इंग्रजी नाव डोळ्यांसमोरून हलत नव्हतं.

"माशाअल्ला," डॉक्टर म्हणाले. "शुगर बिलकुल नॉर्मल."

ज्ञानदानं आनंदानं टाळीच वाजवली. "बघितलंत? चालून उतरली! आता कोण पाठवतं तुम्हाला पुण्याला!"

"बहुत खूब. पहले कितनी थी?" डॉक्टरांनी पेन उचललं.

"बाबा, चिपळूणला किती निघाली होती?"

तिन्ही दुकानांतले भाव झोपेतही सांगणारा माणूस छताकडे बघू लागला.

"तपासली कोणी होती?" ते म्हणाले. "मला तर त्या किल्लीवरचं प्लास्टिक काढायचं होतं."