अशिलाची गोष्ट

"हे तुम्हाला कुठून कळलं?"

सिस्टरनी पुस्तक टेबलावर उघडं ठेवलं आणि एका ओळीवर बोट टेकवलं.

वकीलसाहेबांनी चष्मा सारखा केला. ओळ त्यांचीच होती. कादंबरीतला नवरा गच्चीच्या कठड्यापाशी बायकोचं मनगट घट्ट धरतो, आणि मग सोडून देतो.

"सुचलं," ते म्हणाले. "कादंबरीच आहे ती."

वकिली सोडून ते खटल्यांच्या रहस्यकथा लिहायला लागले, त्याला बरीच वर्षं झाली होती. तरी इमारतीत सगळे त्यांना वकीलसाहेबच म्हणत. "आधी कोर्ट तारखा द्यायचं, आता प्रकाशक देतो," बायको म्हणायची, "बाकी घरात काही बदल नाही." समोर बसलेल्या बाईंचंही तसंच. हॉस्पिटलातली नोकरी संपली, पण हाक मात्र 'सिस्टर' अशीच राहिली.

सिस्टरची एकुलती एक मुलगी सासरच्या गच्चीवरून पडून गेली होती. पोलिसांनी जावयावर खुनाचा खटला भरला. त्याचे वकील हेच. कपडे वाळत घालताना तिचा तोल गेला, मी तेव्हा खाली घरात होतो, एवढंच जावयानं कोर्टात सांगितलं, आणि वकीलसाहेबांनी ते शेवटपर्यंत टिकवलं. पुराव्याअभावी तो सुटला. निकालाच्या दिवशी सिस्टर कोर्टाच्या आवारात जावयावर थुंकल्या होत्या. त्यानं तोंड पुसलं आणि मान खाली घालून निघून गेला.

त्यानंतर वकीलसाहेबांनी एकही वकीलपत्र घेतलं नाही. ते लिहायला बसले. त्या खटल्याला मात्र हात लावायचा नाही असं त्यांनी ठरवलं होतं. पण विषय आटले. प्रकाशक मागे लागला. "अपघात कोण वाचणार, साहेब? खुनी पाहिजे," तो म्हणाला. शेवटी त्यांनी ते जुनं प्रकरण उकरलं. माणसं बदलली, गाव बदललं, नवऱ्याला फासावर चढवलं. पुस्तक हातोहात खपलं.

"तिच्या मनगटावर वळ होते," सिस्टर म्हणाल्या. "बोटांचे. डॉक्टरांनी पडताना लागलं म्हणून लिहून टाकलं. कोर्टात कुणी विषयसुद्धा काढला नाही. शेवटचे कपडे मी घातले तिला, मी बघितलेत. मग तुमच्या पुस्तकात ते मनगट आलं कुठून?"

आत बायकोनं नळ बंद केला. तीही ऐकत असावी.

"त्यानं सांगितलं ना तुम्हाला?"

"सिस्टर, अशील जे सांगतो ते वकिलाबरोबरच जातं. मी ते बोलू शकत नाही."

"म्हणजे सांगितलं."

"मी तसं म्हणालो नाही."

"'नाही सांगितलं' असंही म्हणाला नाहीत."

वकीलसाहेबांनी खिडकीबाहेर बघितलं.

"मी जास्त विचारत नाही," सिस्टर म्हणाल्या. त्यांचा आवाज आता खाली आला होता. "एवढंच सांगा. त्यानं तिचं मनगट धरलं होतं का?"

वकीलसाहेब खुर्चीतून अर्धवट उठले.

"चहा घेता थोडा?" ते म्हणाले.

सिस्टरनी पुस्तक मिटून पिशवीत टाकलं. "नको. माझं काम झालं."

दार लागल्यावर बायको बाहेर आली. "तोंडावर नाही म्हणून टाकायचं," ती म्हणाली. "एवढं साधं जमलं नाही तुम्हाला?"

संध्याकाळी वकीलसाहेबांनी सिस्टरना लावायला फोन हातात घेतला. काय बोलायचं ते ठरेना. फोन परत खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोलीस चौकीतून बोलावणं आलं. सकाळी जावयानं चष्म्यांचं दुकान उघडलं, तेव्हा सिस्टर आत गेल्या आणि त्यांनी त्याच्या मानेत कात्री खुपसली. तो जागच्या जागी गेला. त्या पळाल्या नाहीत. गिऱ्हाइकांच्या खुर्चीवर बसून राहिल्या. वकील कोण, असं विचारल्यावर त्यांनी वकीलसाहेबांचं नाव सांगितलं.

चौकीच्या मागच्या खोलीत त्या बाकावर बसल्या होत्या. हात धुतलेले, केस नीट बांधलेले.

"तुमचे उपकार झाले," त्या म्हणाल्या. "नाहीतर मी संशयातच मेले असते."

वकीलसाहेब समोरच्या स्टुलावर बसले.

"तो... काही बोलला का?"

"मला बघून उठून उभा राहिला. 'आई, बसा' म्हणाला. नंतर ओरडलासुद्धा नाही. अपराधी माणूस कशाला ओरडेल?"

बाहेर कुणीतरी टेबल सरकवलं.

"आता तो गेला," सिस्टर म्हणाल्या. "आता तरी सांगा. काय म्हणाला होता तो तुम्हाला?"

वकीलसाहेबांनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. निकालाच्या दिवसापासून आवळलेला तो चेहरा सुटला होता. आजारातून उठलेल्या माणसासारखा दिसत होता.

"तुम्ही समजलात तेच," ते म्हणाले.

सिस्टरनी डोळे मिटले आणि मान भिंतीला टेकवली.

अटकेनंतरच्या पहिल्याच भेटीत जावई वकीलसाहेबांचे दोन्ही हात धरून रडला होता. "मी धरली होती हो तिला. तिनंच हात सोडवून घेतला. पण हे कोर्टात आणू नका, साहेब. मीच मारली असं वाटू दे आईंना. पोरगी आपणहून गेली हे कळलं, तर त्या जगायच्या नाहीत."