गाणं कुणाचं

साताऱ्यात कपिल गाण्यांवरचं छोटं मासिक छापायचा. शाहीर लालासाहेबांच्या नावावर गाजलेलं गाणं मुळात त्यांच्याच फडात गाणाऱ्या मुक्ताबाईंचं, असा लेख त्यानं छापायला घेतला. लालासाहेबांचा नातू वीरधवल पोरं घेऊन छापखान्यात घुसला. त्यांनी अंक पेटवले, लोखंडी पान्यानं कपिलच्या उजव्या हाताची बोटं ठेचली.

"छाप आता," वीरधवल म्हणाला.

कपिलच्या बायकोनं, आम्रपालीनं, दवाखान्यातच तो लेख स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड केला आणि मासिक ऑनलाइन सुरू केलं.

पहिला प्रतिसादही आवाजातच आला.

"मी वीरधवलची आजी, मनुबाई. मला वाचता येत न्हाई, आज ऐकलं. व्हय बाई, गाणं मुक्ताबाईचंच हाय. त्यावरचा हक्क सोडावा म्हणून आमच्या मालकांनी तिलाबी असंच मारलं हुतं."