मुठीचं वजन

हरिहरेश्वरच्या घरी पाहुण्यांच्या राहण्याची सोय सुरू केली, तेव्हा दिपालीने स्वयंपाकघरात वजनकाटा आणला. सासूबाईंचं माप मुठीचं. घावनांसाठी माणशी दोन मुठी तांदूळ. त्यांच्या हातची चव आपल्याही हाताला यावी म्हणून ती त्यांना मूठ काट्यावर रिकामी करायला लावायची आणि वहीत तारीख घालून ग्रॅम लिहायची. गणपतीत मूठ अठ्ठावन्न ग्रॅम भरली, दिवाळीत एक्कावन्न, संक्रांतीला त्रेचाळीस.

“आई, नीट भरून घ्या की! दर वेळी कमीच घेताय, मग मी शिकायचं कसं?”

“मूठ माजी तीच हाय गो. तुजा काटाच खोटा!” सगुणाबाई हसल्या.

दिपालीने काट्याचे सेल बदलले.

शिमग्याच्या तोंडावर सगुणाबाईंनी अंथरूण धरलं. तालुक्याच्या डॉक्टरांनी तपासलं आणि विचारलं, “या कधीपासून खंगत चालल्यात?”

“हल्लीच. आठ-दहा दिवस झाले असतील,” दिपालीचा नवरा म्हणाला.

&nbsp;

तारखा दिपालीने लिहून ठेवल्या होत्या, घावनांच्या वहीत.