तात्यासाहेबांचं अन्नछत्र

निजामाच्या अमलात एका साली जोंधळा मिळेनासा झाला, तेव्हा औरंगाबादच्या शहागंजात जमीनदार तात्यासाहेबांनी म्हाताऱ्याकोताऱ्यांसाठी अन्नछत्र घातलं. त्यांची स्वतःची आई, आवडाबाई, रोज त्याच पंगतीत येऊन बसायची. कुणी विचारलं की तात्यासाहेब हसून सांगायचे, "तिला भ्रम झालाय. घरी जेवून येती अन् जेवलेलंच विसरती."

आवडाबाईला तेव्हा खरोखरच माणसं ओळखू येत नव्हती. पण महिनाभर भाकरी अन् वरण पोटात गेलं, तशी ती वाढणाऱ्या सांडूला नावानं हाक मारू लागली.

एक दिवस तहसीलदारसाहेब अन्नछत्र बघायला आले. त्यांनी वाकून विचारलं, "आजी, घरी काय जेवता?"

"घरी सून कोठीला कुलूप लावती, साहेब," आवडाबाई सगळ्यांदेखत म्हणाली. "उपाशी होते तवा पोटचा लेक बी वळखू येत नव्हता. आता चांगला वळखला."



दुसऱ्या दिवशी तात्यासाहेबांनी अन्नछत्र बंद केलं. लोकांना म्हणाले, "हितलं खाऊन म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यावर परिणाम व्हायलाय."