नारळी पुनवेची अदलाबदल

"मामा, मला कधी बसवणार मोजणीच्या खोलीत?" कृष्णकांतने विचारलं.

फोरमन पुंडलिक हसला. "तुजा हात मशीनवर बरा बसलाय. कशाला हलवू?"

हे उत्तर आता कृष्णकांतला पाठ झालं होतं. मुंबईच्या कॉलेजातून प्रॉडक्शन इंजिनिअरिंगचे दोघे विद्यार्थी तारापूरच्या या कारखान्यात ट्रेनिंगला आले होते. एक तो, वाणगावच्या चिकूवाडीवाल्यांचा. दुसरा कमलाकांत, मुरब्याच्या कोळ्यांचा. पदवी हातात पडली की दोघांपैकी एकाला कंपनी नोकरीवर घेणार, हे मॅनेजरसाहेबांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. निवड पुढच्या आठवड्यात होती.

आणि कृष्णकांतला आतापर्यंत काय मिळालं? आधी लेथ, मग ड्रिल, आता पत्रे ठोकून कापणारा पॉवर प्रेस. नखांतलं तेल रॉकेलनेसुद्धा निघत नव्हतं. कमलाकांत मात्र पहिल्यापासून मोजणीच्या खोलीत. डोक्यावर पंखा, हातात मायक्रोमीटर, अंगात इस्त्रीचा शर्ट. काचेपलीकडे साहेबांची केबिन. साहेब जाता-येता त्याच्याशी दोन शब्द बोलत. कृष्णकांतला ते अजून 'वो दुसरा लडका' म्हणत.

पुंडलिक फोरमनही मुरब्याचाच. मग आणखी काय सांगायला हवं?

कृष्णकांतला हेवा वाटे. हेवा कसला, जळफळाट व्हायचा नुसता. जेवायला शेजारी बसलेल्या कमलाकांतचे स्वच्छ हात पाहिले की तो आपली बोटं डब्याआड लपवायचा. त्या मुलाचं सगळंच नाजूक. एकदा कृष्णकांतने त्याला स्टेशनपर्यंत जायला सायकल देऊ केली, तर म्हणाला, "नको, मी चालतच जातो." कोळ्याचा पोर असून समुद्रावरही जात नसे.

"बोटीवर का नाही जात रे तू?" कृष्णकांतने एकदा विचारलं होतं.

"नेत नाहीत मला," कमलाकांत म्हणाला आणि डब्याकडे बघत राहिला.

लाडोबा, कृष्णकांतने मनात म्हटलं.

नारळी पुनवेला कारखाना अर्धा ओस पडला. मुरबे, सातपाटीकडची सगळी माणसं रजेवर. पुंडलिकही गेला. त्याच्या जागी आत्माराम नावाचा नवा सुपरवायझर होता. त्याला अजून मशीनची नावं सांगावी लागत. कमलाकांत तेवढा कामावर आला होता.

कृष्णकांतने संधी सोडली नाही. "पुंडलिकमामा सांगून गेलेत," तो आत्मारामला म्हणाला, "आजपासून आमची अदलाबदल. मी मोजणीला, कमलाकांत प्रेसवर."

"बरं," आत्माराम म्हणाला. पुंडलिकचा शब्द म्हटल्यावर तो कशाला विचारत बसतोय.

कमलाकांतला सांगताना कृष्णकांतने मनाची तयारी केली होती. तो कुरकुरेल, साहेबांकडे धावेल. पण त्याचा चेहरा उजळलाच.

"खरंच? मामा बोलले?"

"खोटं कशाला सांगू?"

कमलाकांतने बाह्या वर सारल्या. त्याचा तो आनंद बघून कृष्णकांतला आणखीच राग आला. बक्षीस मिळाल्यासारखा हसतोय. बघू किती वेळ हसतो.

तरी त्याने काम नीट समजावलं. पत्रा असा सरकवायचा, पेडलवर पाय असा, आणि पाय उचलल्याशिवाय हात आत घालायचा नाही. त्याला इजा व्हावी असं कृष्णकांतच्या मनात मुळीच नव्हतं. पत्रे वाकडे जावेत, साहेबांनी ते पाहावेत आणि लाज जावी, एवढंच हवं होतं.

मग तो हात घासून घासून धुऊन पंख्याखाली जाऊन बसला. साहेब केबिनकडे जाताना थबकले. "आज तुम यहाँ?"

"जी सर. कृष्णकांत."

"अच्छा, कृष्णकांत," साहेब म्हणाले. पोटभर जेवल्यासारखं वाटलं त्याला.

दुपारी वॉचमन आला. "कमलाकांतबाबू की माँ आयी है गेट पे. वो मशीन पे है, तो आप ही चलिए."

फाटकाशी एक बाई उभी होती. डोक्यात अबोलीची वेणी, हातात पितळेचा डबा. मागून प्रेसचे ठोके ऐकू येत होते, एकसारखे, धप्प, धप्प.

"तू कृष्णकांत ना? मी काशीबाय, कमलाकांतची आय. नारळीभात आनलाय. दोगांना पुरंल. घरचे समदे बोटीवर गेलं, तो एकटा इकडं. मला काय गोड लागनार?"

"कशाला त्रास घेतलात?"

"तरास कसला? रोज तुजंच नाव घेतो घरी. कृष्णकांतचं नशीब बघ आये, बोलतो, हात काळं करून येतो. मी आपला काचंच्या खोलीत बाहुल्यासारका. लय जळतो तुज्यावर."

कृष्णकांत गडबडला. ज्याच्यावर आपण इतके दिवस जळत होतो, तो आपल्यावर जळतो? त्याला हसू आलं. बरंच वाटलं.

"मग आज तो खूश आहे, मावशी," तो मोठेपणाने म्हणाला. "आज मीच त्याला मशीन मिळवून दिलं."

तेवढ्यात आत ठोके थांबले. जेवणाचा भोंगा तर अजून व्हायचा होता. पत्रा अडकवला वाटतं, कृष्णकांतच्या मनात आलं. साहेब आता बघतीलच.

काशीबाईने त्याचं मनगट धरलं. डबा हातातून सुटला तरी तिचं तिकडे लक्ष नव्हतं.

"मशीनवर? पुंडल्याला शपत घातली होती रे मी... माज्या पोराला फेफरं येतं!"