कोरडी वाट

उरवड्याला रेल्वे नाही. म्हणून लेकीच्या सासरी मावळात भातलावणीला आलेल्या कोंडीरामला रूळ म्हणजे चिखलातून सुटलेली कोरडी पायवाटच वाटली. डोक्यावर रोपांचा भारा घेऊन तो रुळांमधून निघाला आणि वळणावरच्या झाडांआड गेला.

"आवो, खाली उतरा! तुमच्या बापानं घातलेत व्हय ते रूळ?" फुलाबाईनं खाचरातून बोंब ठोकली, पण नवरा पडला ठार बहिरा.

तेवढ्यात मागून गाडी धडधडत आली. बांधावर हिंजवडीचा अमोघ उभा होता, त्याला रेल्वेचे फोटो काढायचा नाद.

"आरं पोरा, थांबव ती गाडी! आमचं म्हातारं म्होरं रुळावर हाय, त्याला काय बी ऐकू येत न्हाई!"

अमोघनं कॅमेरा चिखलात फेकला आणि तो दोन्ही हात हलवत उड्या मारू लागला. फुलाबाईही जिवाच्या आकांतानं हात हलवू लागली. इंजिनातून ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढलं.

"दिसलं रं त्याला!" ती रडतच ओरडली.



दर रविवारी इथंच उभं राहून हात करणारं हे पोरगं ड्रायव्हरच्या ओळखीचं होतं. त्यानंही हसून हात केला, आणि गाडी तशीच वळणाआड गेली.