मनातला किल्लीवाला

“हा किल्लीवाला कोण, ते सांग,” प्राध्यापकानं पुन्हा विचारलं.

बायको कपड्यांना इस्त्री करत होती. “कुणी नाही. मनातला आहे.”

“मनातला?”

“अहो, कादंबरीतला!” ती हसली. ते हसणं त्याला झोंबलं.

कथेतली माणसं खरी कशी वाटायला लावायची, हे प्राध्यापक कॉलेजात शिकवायचा. त्याच्या स्वतःच्या कादंबऱ्यांतली माणसं मात्र खुंटीवरच्या कोटांसारखी लोंबकळत राहिली. आणि बायकोनं पहिल्याच पुस्तकात असा किल्लीवाला उभा केला, की लोक त्याच्याविषयी शेजाऱ्याविषयी बोलावं तसं बोलायचे. चष्मा कपाळावर चढवून मगच तोंड उघडणारा. तणतणत आलेल्या गिऱ्हाइकाला आधी पाणी देणारा. स्वतःच्या बायकोचं बोलणं कधी मध्येच न तोडणारा.

असं कुणी नुसतं रचत नाही. पाहिलेलं असतं. फार जवळून पाहिलेलं.

धुमसत धुमसत त्यानं एका दुपारी बायकोच्या कपाटाची किल्ली हळूच खिशात टाकली आणि बाजारामागच्या गल्लीत दुसरी करून घ्यायला गेला.

टपरीतल्या माणसानं चष्मा कपाळावर चढवला, स्टूल पुढे सरकवलं. “बसा ना.”

प्राध्यापक जागीच थिजला. मग बायकोचं नाव घेऊन ओरडला, “कधीपासून ओळखतोस तिला?”

किल्लीवाल्यानं पेला पुढे केला. “आधी पाणी घ्या.”

प्राध्यापकाच्या अंगाचा तिळपापड झाला. “नाटकं बंद कर! तिनं अख्खं पुस्तक लिहिलंय तुझ्यावर!”

“त्या तुमच्या मिसेस?” किल्लीवाल्याचा चेहरा उजळला. “नाही हो साहेब, मी त्यांना कधी पाहिलंसुद्धा नाही. आणि मी कुठला असा? लोक माझ्या टपरीची पायरी चढायला घाबरायचे. ते पुस्तक वाचून वाचून असा झालो.”

“वाचून?”

“पारायणं केली हो. एकेक सवय उचलली. आधी जमेना, मग अंगवळणी पडली.”

प्राध्यापक स्टुलावर बसला. पाणी एका दमात प्यायला.

“तुला कुठं मिळालं ते?”

“माझ्या बायकोनं दिलं. घर सोडून निघाली तेव्हा, दारातच.” किल्लीवाल्यानं प्राध्यापकाच्या हातातली किल्ली घेतली आणि उजेडात धरली. “तिच्या कपाटाची चोरून दुसरी किल्ली केली होती मी.”